टर्बो निर्दोष आहे

संध्याकाळी सहानंतर माणकोली नाक्याहून अंजूरफाट्याकडे निघालेला माणूस जेवायच्या वेळेला घरी असेल की नाही, हे त्याच्या बायकोला तर नाहीच, पण नाक्यावरच्या ट्रॅफिक पोलिसालाही सांगता येत नाही. अशा गावात लोक टर्बो इंजिनाच्या गाड्या का घेतात, असं ठाण्याचे पाहुणे नेहमी विचारतात. ठाणेकरांची समजूत अशी की टर्बो पळवायला असतो. भिवंडीत तो बोलायला असतो. पळवायला मोकळा रस्ता लागतो, बोलायला रांजनोलीचा जाम पुरतो. आणि जाम ही भिवंडीत मुबलक मिळणारी एकमेव करमुक्त वस्तू आहे.

कराचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. भिवंडी आणि टर्बो यांचं नातं रस्त्याचं नाहीच, ते कराचं आहे. आमच्याभोवतीची ही गोडाऊनं कुणाला पत्र्याच्या शेडची आवड होती म्हणून उभी राहिली नाहीत. मुंबईच्या हद्दीत माल नेला की जकात पडायची. तेव्हा माल हद्दीबाहेर, पण हाकेच्या अंतरावर उतरवून ठेवावा आणि गिऱ्हाईक मिळेल तसा आत न्यावा, असा हिशेब शहाण्या व्यापाऱ्यांनी केला. बघता बघता काल्हेर, पूर्णा, दापोडे या गावांतल्या भातशेतीवर पत्रे चढले. पुढं 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, गोडाऊनं मात्र गेली नाहीत. उलट वाढली.

छोट्या टर्बोची जन्मकथा हीच. 2006 च्या अर्थसंकल्पात सरकारनं ठरवलं की गाडीची लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन 1200 सीसीच्या आत असेल, तर अबकारी कर 24 ऐवजी 16 टक्के. लगेच कंपन्यांनी गाड्यांच्या डिक्क्या छाटल्या आणि इंजिनं आटवली. आटवलेल्या इंजिनात दम राहीना. मग सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूच्या वाटेत एक छोटा पंखा बसवायचा, त्याच्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा लावायचा आणि त्यानं इंजिनात हवा कोंबायची, हा जुना तोडगा कामाला आला. प्रदूषणाचे नियम, मायलेज ही कारणंही होतीच, पण भिवंडीच्या माणसाला कर वाचवण्याचं कारण आधी पटतं. जकातीच्या पोटी गोडाऊन जन्मलं, अबकारीच्या पोटी टर्बो. दोघं चुलतभाऊ लागतात.

तोडगा जुना म्हणजे किती जुना, तर स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी त्याच्या पेटंटसाठी 1905 मध्ये अर्ज केला होता. हा पंखा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. आमच्या साध्या यंत्रमागाचा धोटा मिनिटाला शे-दीडशे वेळा इकडून तिकडे जातो आणि तेवढ्यावर त्यानं अख्ख्या गावाचे कान बधिर केले. दीड-दोन लाखवाला नुसती बारीक शीळ घालतो. भिवंडीत न ओरडता काम करणाऱ्यावर सहसा कुणाचा विश्वास बसत नाही. टर्बोच्या बदनामीचं मूळ मला इथंच दिसतं.

ही बदनामी थेट अमेरिकेपासून चालत आली आहे. 1962 मध्ये ओल्ड्समोबिलनं जेटफायर नावाची टर्बो गाडी काढली. इंजिन ठोकायला लागू नये म्हणून तिला पेट्रोलखेरीज एक वेगळं पाणी पाजावं लागे. त्याचं नाव होतं ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’. डिस्टिल्ड वॉटर, मिथाइल अल्कोहोल आणि गंज न चढण्याचं औषध असं ते मिश्रण. मालक ते भरायला विसरत. मग गाडी रुसे, मालक रुसे, आणि शेवटी कंपनीनंच टर्बो काढून जागी साधा कार्ब्युरेटर बसवून द्यायला सुरुवात केली. ही गाडी भिवंडीत आली असती तर त्या टाकीत कोणकोणत्या बाटल्या रित्या झाल्या असत्या, याची कल्पना करवत नाही. 1977 मध्ये रेनॉनं पहिली टर्बो गाडी फॉर्म्युला वनमध्ये उतरवली. ती इतक्या वेळा वाफ आणि धूर सोडत थांबली की लोक तिला ‘पिवळी चहादाणी’ म्हणू लागले. दोन वर्षांनी त्याच कंपनीनं दिजाँची फ्रेंच ग्रां प्री जिंकली. पुढच्या काही वर्षांत हसणारेच टर्बो बसवायला लागले. ही गोष्ट आमच्या कट्ट्यावर कुणी सांगत नाही, कारण त्यात चहादाणीनंतरचा भाग येतो.

आमचा कट्टा म्हणजे कल्याण नाक्याजवळची चहाची टपरी. इथं शनिवारी रात्री गाड्या येऊन उभ्या राहतात आणि पंथ सुरू होतात. सर्वांत कडवा पंथ पोलो जीटी टीएसआयचा. 2013 मध्ये आलेली 1.2 लिटरची, 105 हॉर्सपॉवरची, सात गिअरच्या डीएसजीची ती गाडी यांच्या लेखी शेवटची खरी गाडी. नंतर 2020 मध्ये तिचा एक सिलिंडर काढून तीन सिलिंडरचं 1.0 टीएसआय बसवलं तेव्हा हे लोक सुतकात होते. 2022 मध्ये पोलोच बंद झाली तेव्हापासून ते सुतक फिटलेलं नाही.

दुसरा पंथ फियाटचा. देवस्थान बंद पडलं तरी यांची वारी चुकत नाही. ऑक्टोबर 2015 मध्ये रांजणगावच्या कारखान्यातून अबार्थ पुंटो निघाली. दहा लाखांना जेमतेम पाच हजार कमी असलेली किंमत, 145 हॉर्सपॉवर, आणि आत चौदाशे सीसीचं टी-जेट. हे इंजिन दगडासारखं टिकाऊ, असं तिचे भक्त सांगतात आणि ते खोटं नाही. पण कंपनीनं भारतातून गाशा गुंडाळल्यावर त्या दगडाला लागणारा साधा रबरी पाइप शोधायला गुगल, व्हॉट्सअ‍ॅप आणि कुर्ल्याचा जुना बाजार तिन्ही लागतात. विश्वासार्हता नुसती इंजिनात नसते, ती पार्टच्या दुकानातही असावी लागते, हे या पंथात बोलायचं नसतं.

बलेनो आरएसवाले संख्येनं कमी आणि स्वभावानं गरीब. 2017 ला आली, 2020 ला गेली, आणि रस्त्यावर ती साध्या बलेनोहून वेगळी ओळखायला मालकाचं तोंड पाहावं लागे. आय ट्वेंटी एन लाइनवाले नव्या पिढीचे. यांचं निम्मं प्रेम इंजिनावर, निम्मं सायलेन्सरच्या आवाजावर. 2024 मध्ये आलेल्या अल्ट्रोझ रेसरच्या वाट्याला देशप्रेमाचे गुण जास्त. आणि व्हर्टस जीटीवाले बोलतच नाहीत. दीड लिटर, 150 हॉर्सपॉवर. ते नुसते चावी टेबलावर ठेवतात.

माझं मत कुणी विचारत नाही, तरी देतो. या सगळ्यांत निवांत झोप हवी असेल तर ज्याच्या टर्बो इंजिनात पेट्रोल जुन्या पद्धतीनं, व्हॉल्व्हच्या आधीच फवारलं जातं ते घ्यावं. टी-जेट तसं आहे, अल्ट्रोझ रेसरचं तसं आहे. टीएसआय, बूस्टरजेट, टी-जीडीआय यांत पेट्रोल थेट सिलिंडरच्या पोटात फवारतात. ताकद चांगली मिळते, पण हवेच्या व्हॉल्व्हवर पेट्रोल पडतच नाही, त्यामुळे ते धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर काजळी साठत जाते. कट्ट्यावर हे मत मांडलं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण माझ्याकडे टर्बोच नाही. माझी गाडी श्वास स्वतःचा स्वतः घेते.

आता फिर्यादीकडे येऊ. गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या कट्ट्यावरच्या तीन गाड्या वंजारपट्टी नाक्यापलीकडच्या उस्तादांच्या गॅरेजात पोहोचल्या. तिन्ही मालकांचं म्हणणं एकच होतं, ‘टर्बो गेला’. गाड्यांची नावं लिहीत नाही. कंपन्यांची भीती नाही, शेजारी राहायचंय. लाल, पांढरी आणि निळी म्हणू.

लाल गाडी चढावर कुंथत होती आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथरत होती. उस्तादांनी बॉनेट उघडायच्या आधीच निकाल दिला, “शेठ, टर्बो ठणठणीत आहे. क्लच जळालाय.” सुक्या क्लचचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स हे फार हुशार यंत्र आहे, पण त्याला थंड करायला तेल नसतं. मुंगीच्या पावलानं गाडी सरकवत राहिलं की क्लच अर्धा लागलेला, अर्धा सुटलेला राहतो आणि तापतो. जगात याचा सर्वांत गाजलेला खटला फोक्सवॅगनच्या सात गिअरच्या डीएसजीचा. 2013 मध्ये एकट्या चीनमध्ये 3 लाख 84 हजारांवर गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्याच वर्षी पुढं जगभरच्या सोळा लाखांना गिअरबॉक्सचं सिंथेटिक तेल काढून साधं मिनरल तेल भरून दिलं. आपल्याकडे महागाचं काढून स्वस्तातलं भरण्याचं काम गॅरेजवाले न सांगता करतात, तिकडे त्याची जाहीर मोहीम निघाली.

या गिअरबॉक्सला वाचवायचा उपाय जाणकार सांगतात तो असा. पुढच्या गाडीपासून चांगलं अंतर सोडा, मग एकदमच पुढं जा, सारखं सरकू नका. हा उपाय सांगणाऱ्यानं एकदा धामणकर नाक्यावर अंतर सोडून दाखवावं. सोडलेल्या जागेत आधी एक रिक्षा येते, मग दोन स्कूटर, मग सुताच्या कोनांनी भरलेला टेम्पो आडवा घुसतो, आणि शेवटी तागे लादलेली हातगाडी. तुमचा क्लच वाचतो हे खरं, पण तुम्ही हळूहळू कल्याणच्या दिशेनं मागं जायला लागता.

पांढऱ्या गाडीतून निळा धूर येत होता. इथं मात्र टर्बो खरोखरच गेला होता. शाफ्ट बोटानं हलत होता. पण गेला की घालवला, हा प्रश्न उरतो. टर्बोचा दांडा बेअरिंगला टेकत नाही, तो तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. एका बाजूला नऊशे अंशांच्या घरातला वायू, आणि आधार तेवढ्या थराचा. तेल जुनं झालं, हलकं निघालं, की थर तुटतो आणि बारीक नळीत तेलाचा कोळसा होतो. या गाडीत शेवटचं तेल कधी बदललं, ते मालकाला आठवेना. कोणतं, ते सांगायची लाज वाटली. मागच्या काचेवर मात्र सोनेरी अक्षरांत बैलाचं नाव.

मालक आगरी, आणि शर्यतीचा शौकीन. 2014 मध्ये सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या तेव्हाही यानं बैल विकला नाही, आणि डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाल्यावर तर बैलाचा खुराक घरच्या माणसांहून वरचढ झाला. दूध, गावठी अंडी, भिजवलेले बदाम. बैल चार पावलं लंगडला तर ठाण्याहून डॉक्टर. त्याच्या वडिलांना गॅरेजचं बिल कळलं तेव्हा ते ओट्यावरूनच म्हणाले, “बईलाला बदाम, नि इंजानान उदारीचा तेल! इंजान बोलत नाय म्हनून काय?” यापुढचा भाग मी रचलेला वाटेल, पण तंत्र खरं आहे. व्हॉल्व्हवरची ती काजळी काढायची तर अक्रोडाच्या टरफलांचा बारीक भुगा हवेच्या दाबानं मारतात. अक्रोड धातूला ओरखडा काढत नाही आणि काजळी उडवतो. उस्तादांनी टर्बोबरोबर तेही काम सुचवलं. बाप म्हणाला, “बोल्लो व्हतो ना? सुका मेवा त्यालाबी लागतो.”

निळ्या गाडीचा गुन्हा सर्वांत आधुनिक. मालकानं लॅपटॉप लावून इंजिनाचा रिमॅप करून घेतला होता, ‘स्टेज वन’. दोन स्टेज असल्या की माणूस पहिल्यावर थांबत नाही, पण तो वेगळा मुद्दा. वाढलेली ताकद दाखवायला रस्ता नाही, म्हणून ती तो रांजनोलीच्या उड्डाणपुलावर दाखवायचा. गाडीत सहा माणसं, एसी चालू, गिअर चौथा, काटा पंधराशेवर, आणि ॲक्सिलरेटर तळाला. गिअर उतरवणं त्याला अपमान वाटतो. कमी फेऱ्यांवर एवढा दाब दिला की थेट फवाऱ्याच्या टर्बो इंजिनात पेट्रोल ठिणगीची वाट न पाहता आधीच पेट घेतं, आणि तो धक्का पिस्टनला बसतो. जगभरच्या कंपन्या या दुखण्यानं इतक्या हैराण झाल्या की तेलवाल्यांना औषध शोधावं लागलं. तेलातला कॅल्शियमचा अंश कमी करून त्या जागी मॅग्नेशियम वाढवलेली तेलं आली. 2018 मध्ये डब्यावर ‘एसएन प्लस’ ही अक्षरं दिसू लागली, 2020 मध्ये ‘एसपी’. निळ्याच्या मालकाला ही अक्षरं दाखवली तर म्हणाला, “मला वाटलं एसपी म्हणजे स्पोर्ट.” पिस्टनची कडा तुटली होती. टर्बो पुन्हा निर्दोष.

या तिन्ही खटल्यांत भिवंडीच्या थंडीला कुणी साक्षीला बोलावलं नाही, एवढं बरं. चीनच्या उत्तरेकडे 2018 मध्ये होंडाच्या दीड लिटर टर्बोच्या तेलात कडाक्याच्या थंडीनं पेट्रोल उतरायला लागलं आणि तिथं विक्री थांबवायची पाळी आली. आमच्याकडे थंडी कामवारी नदीच्या काठानं दोन दिवस येते आणि गोडाऊनचे पत्रे बघून परत जाते.

गंमत अशी की टर्बोचं शिक्षण भिवंडीत कुणालाच नाही, असं नाही. ते कट्ट्यावर नाही, गोडाऊनच्या गेटवर आहे. टाटाच्या ट्रकांच्या नावापुढं ‘टीसी’ ही अक्षरं लागून जमाना झाला. आज रस्त्यावरचा बहुतेक प्रत्येक डिझेल ट्रक टर्बोवर चालतो. राजस्थान किंवा तमिळनाडूहून रात्रभर चालवत आलेला ड्रायव्हर गेटला लागतो आणि इंजिन लगेच बंद करत नाही. मिनिटभर, दोन मिनिटं ते गुरगुरत ठेवतो. लाल झालेल्या टर्बोतून तेल फिरत राहावं, जागच्या जागी जळू नये, म्हणून. हे तो कुठल्या पुस्तकात शिकलेला नाही. त्याच्या उस्तादानं कानफटात मारून शिकवलेलं असतं. शिवाय बिल्टीवर सही करणारा मुनीम दोन मिनिटांच्या आत कधीच सापडत नाही. असे ट्रक लाखो किलोमीटर जातात, आणि ड्रायव्हर टर्बोबद्दल एक शब्द बोलत नाही. त्याला डिझेलच्या भावावर बोलायचं असतं.

नव्या गाड्यांत ही काळजी गाडी स्वतः घेते. इंजिन बंद झाल्यावर विजेचा पंप टर्बोभोवती पाणी फिरवत राहतो आणि पुढचा पंखा घरघरतो. त्यामुळे सोसायटीच्या वॉचमननं लाल गाडीच्या मालकाला रात्री फोन करून उठवलं होतं, “साहेब, गाडी बंद करायची विसरलात.” मालक चपला घालून खाली येईपर्यंत पंखा थांबला. वॉचमनची नोकरी थोडक्यात वाचली.

उस्तादांचं म्हणणं याच्याही पुढचं आहे. ते म्हणतात, भिवंडीसारखं टर्बोचं माहेर नाही. 5 जून 2025 ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. नागपूरहून 701 किलोमीटर ताशी 120 च्या मर्यादेत या, टर्बो लाल करा, आणि आमण्याला उतरा. आमणे आमच्याच तालुक्यात. उतरलात की पुढं काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. घरी पोहोचेपर्यंत टर्बो इतका निवांत थंड होतो की बंद करण्याआधी वेगळी मिनिटं मोजायची गरज नाही. सरकारनं लाखो रुपयांच्या टर्बोसाठी केलेली ही सोय अजून कुठल्या जाहिरातीत आलेली नाही.

तिन्ही गाड्या आता दुरुस्त आहेत. कोणती भारी, याचा निकाल मात्र कट्ट्यावर लागेना. तेव्हा येत्या रविवारी पहाटे चारला आमण्याला जमायचं आणि इगतपुरीपर्यंत जाऊन यायचं ठरलंय. मर्यादेत, असं घरी सांगितलं आहे. पुढं कोण राहणार यावरून भांडण झालं, चिठ्ठ्या टाकल्या, लाल गाडीला पहिला नंबर मिळाला. निळ्याच्या मालकानं स्टेज टूची चौकशी केलीय, ते त्याच्या बायकोला कळलेलं नाही. पांढऱ्यात नवं तेल आहे आणि डबा वडिलांनी स्वतः बघून घेतला. सगळ्यांत मागं उस्ताद त्यांच्या पिकअपनं येणार, सोबत टो करायचा दोर. नाश्ता आणि डिझेल आमच्याकडून. पिकअप जुनी आहे, पत्रा सडलाय, मागचा एक दिवा फुटलाय. टर्बो तिलाही आहे.